२००३ची एस्टीम : इंजिन गरम झालं की आयडलला (गाडी उभी, पाय काढलेला) रेस वरखाली, मेकॅनिक म्हणतो ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे, २००३ची एस्टीम, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवाली) पेट्रोल, १२९८ सीसी, १ लाख १८ हजार किमी. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत, त्यांना दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसवत नाही, म्हणून ही विकायची नाहीये हे आधीच सांगतो.

त्रास असा की सकाळी थंड असताना चालू केली तर १५००च्या आसपास जाते, ते नॉर्मल असावं. पण घरून निघून नळस्टॉपच्या सिग्नलपर्यंत आलो की काटा १००० ते १७०० असा सारखा वरखाली होतो, धाप लागल्यासारखा, आणि ते थांबतच नाही, मागचा माणूस बघत राहतो की हा रेस का करतोय. ट्रॅफिकमध्ये क्लच सोडताना काटा वर असेल तर गाडी उडी मारते. चेक इंजिन लाइट लागत नाही. पेट्रोलही जास्त खातेय.

आतापर्यंत प्लग, प्लगच्या वायरी, फ्युएल फिल्टर आणि फ्युएल पंप असं सगळं बदलून झालं, १४ हजार गेले, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो ईसीएम खराब आहे, जुना मिळेल १८ हजारात. घ्यावा का?

धायरी_लोकल
नका घेऊ. निदान हा धागा संपेपर्यंत तरी नका घेऊ.

पाना_दहाचा
ईसीएम सगळ्यात शेवटी. आधी चार गोष्टी सांगा. एक, हंटिंग (रेसचं हे वरखाली होणं) चालू असताना एसी लावला तर काय होतं? दोन, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर टेम्परेचरचा काटा कुठे असतो? तीन, शेवटच्या पीयूसीच्या कागदावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) किती आलाय? चार, गाडीला गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी काय काय केलंय, आठवेल तेवढं सगळं, या त्रासाशी संबंध नाही असं वाटलं तरी.

इंधनचिंता
मला तर हे सरळसरळ इथेनॉलचं वाटतंय. २००३ची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बनलेलीच नाही. माझ्या जुन्या वॅगन आरचं अ‍ॅव्हरेज पडलंय. सगळ्या जुन्या इंजेक्शन गाड्यांची हीच रड आहे.

विद्युतलता
@इंधनचिंता, अ‍ॅव्हरेज पडतं हे मान्य, इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पण हंटिंग त्याने? ऑक्सिजन सेन्सर चालू असेल तर ईसीएम इंधन थोडं वाढवून तेवढा फरक भरून काढतो, आणि तेच पेट्रोल भरून हजारो जुन्या गाड्या याच नळस्टॉपला गुपचूप उभ्या असतात की. इथेनॉलचा खरा त्रास जुन्या रबराला, होज आणि सील यांना. तेव्हा दोष पेट्रोलवर टाकून मोकळं होण्यापेक्षा रबर तपासा असं मी म्हणेन.

कर्वेनगरकर
@पाना_दहाचा, आत्ता खाली जाऊन बघून आलो.
१. एसी लावला की हंटिंग थांबतं! काटा ११००ला स्थिर. हे आजवर लक्षातच आलं नव्हतं कारण हिवाळ्यात एसी लावत नाही.
२. काटा एक चतुर्थांशाच्या थोडा वर. बायपासला तर त्याहून खाली येतो. बाबा म्हणतात पूर्वी मधोमध असायचा.
३. पीयूसीत सीओ ०.४६, थोडक्यात पास.
४. दोन वर्षांपूर्वी खंबाटकी चढताना गाडी तापली होती, तेव्हा वाटेत एका गॅरेजला दाखवून रेडिएटर साफ केला, त्यांनी "आता कधीच तापणार नाही" म्हणून सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात एसी लावला की गाडी बंद पडायची, तेव्हा इथल्या मेकॅनिकने दहा मिनिटांत काहीतरी सेटिंग केलं आणि ते थांबलं. बाकी सर्व्हिसिंग.

पाना_दहाचा
वा, उत्तर यातच आहे. आणि माझ्या मते आजार एक नाही, दोन-तीन आहेत, एकावर एक बसलेले.

आधी हंटिंग का होतं ते सांगतो कारण हे कळलं की पैसे वाचतात. आयडलला थ्रॉटलची झडप (हवेच्या वाटेतली, पायाने उघडणारी) जवळजवळ बंद असते. इंजिनाला लागणारी थोडी हवा बाजूच्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह बसलेला असतो, ईसीएम तो कमीजास्त उघडून रेस धरून ठेवतो. आता समजा कुठूनतरी जास्तीची हवा आत यायला लागली. एस्टीमला मॅप सेन्सर आहे, म्हणजे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळातला) दाब बघून इंधन ठरतं, त्यामुळे ही चोरटी हवाही हिशेबात येते आणि तिच्या मापाने पेट्रोल पडतं. रेस वाढते. ईसीएम आपला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो तरी रेस खाली येत नाही. मग त्याला दिसतं की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही आणि आरपीएम तर एवढे, म्हणजे गाडी उतारावर गिअरमध्ये आहे, आणि तो इंजेक्टरच बंद करतो. उतारावर पेट्रोल वाचवायची ती सोयच आहे. पेट्रोल बंद, रेस धपकन खाली. खाली आली की पुन्हा चालू, पुन्हा वर. तुमची धाप म्हणजे हे.

एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा लोड येतो, रेस त्या मर्यादेच्या वर जातच नाही, म्हणून थांबतं. ईसीएम खराब असता तर असं शिस्तीत वागला नसता. तो बिचारा त्याला जसं शिकवलंय तसंच करतोय. प्लग आणि पंपाचा याच्याशी काही संबंध नव्हता. त्यांनी मिसिंग झालं असतं, रेस पडली असती, अशी तालात वरखाली नसती झाली.

तेव्हा पहिलं काम, जास्तीची हवा कुठून येतेय ते शोधा.

मुळशीचा_पाऊस
हवा शोधायला सोपं, उदबत्ती लावून होजच्या कडेने फिरवा, जिथे धूर आत ओढला जातो तिथे लीक.

पाना_दहाचा
@मुळशीचा_पाऊस, कृपा करून हे कोणी करू नका. चालू पेट्रोल इंजिनावर जळती वस्तू फिरवायची नाही, २० वर्षांच्या गाडीला पेट्रोलचा पाइप कुठे पाझरतोय हे आपल्याला माहीत नसतं. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारणारेही पुष्कळ आहेत, तो गरम एक्झॉस्टवर पडला तर भडका उडतो.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे चिमटा पद्धत. इंजिन हंटिंग करत असताना मॅनिफोल्डकडून निघणारी एकेक होज पक्कडीत जाड फडकं धरून दाबायची, रबर कापलं जाणार नाही इतपत. ब्रेक बूस्टरची, पीसीव्हीची (इंजिनाच्या आतली वाफ मॅनिफोल्डमध्ये परत नेणारी), कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ धरणारा डबा) जाणारी, अशा सगळ्या, फक्त मॅप सेन्सरची सोडा. जी दाबल्यावर हंटिंग थांबेल तिच्याकडे संशयाने बघा. मॅनिफोल्डच्या पॅकिंगसाठी साध्या पाण्याचा फवारा पुरतो, इस्त्रीच्या कपड्यांना मारतात तो. लीकवर पाणी गेलं की क्षणभर आवाज बदलतो. फक्त फॅन, बेल्ट आणि प्लगच्या वायरींपासून लांब. शर्टाच्या बाह्या दुमडून, आणि ओढणी असेल तर काढून ठेवून.

मुळशीचा_पाऊस
बरोबर आहे, मी माझ्या काकांना करताना बघितलं होतं म्हणून लिहिलं. पोस्ट काढता येत नाहीये, वाचणाऱ्यांनी उदबत्तीचं विसरावं.

स्वारगेट_ते_सातारा
एक निळा डोंगल मिळतो हजाराच्या आत, मोबाईलला जोडून सगळे एरर दिसतात. तो लावून बघा की, एवढं कशाला?

विद्युतलता
२००३च्या गाडीला तो बोलणार नाही हो. आपल्याकडे ओबीडी (गाडीने आपले दोष आपणच नोंदवायची सोय) सक्तीचं झालं ते २०१०मध्ये बीएस-४ प्रदूषण नियमांबरोबर, आणि ओबीडी-२ २०१३पासून. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. शिवाय चेक इंजिन लाइट लागत नाही म्हणजे सेन्सरची वायर तुटलेली किंवा शॉर्ट नाही एवढंच कळतं. सेन्सर खोटं सांगत असेल पण पटेल असं खोटं सांगत असेल, तर लाइट लागत नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सरचं नेहमी असंच होतं. तो मल्टिमीटरवर तपासता येतो, कनेक्टर काढून दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघायचा, २० अंशाला साधारण अडीच किलो-ओहम आणि ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास. सकाळी थंड इंजिनावर एकदा आणि गरम झाल्यावर एकदा.

आजोबा_सदाशिव
वाचून फार बरं वाटलं. माझ्याकडे १९८४ची पद्मिनी होती. तिला कार्बोरेटर. सकाळी चोक ओढायचा आणि आयडल कानाने लावायचं, एक स्क्रू हवेचा, एक रेसचा, पाव पाव वळसा देत देत इंजिनाचा सूर लागला की हात काढून घ्यायचा. आमच्या वेळच्या सगळ्या फिटरांचे हात असे तयार होते. माझी शंका अशी की तुमच्या मेकॅनिकने उन्हाळ्यात दहा मिनिटांत जे "सेटिंग" केलं ते असंच स्क्रू फिरवून केलेलं असणार. इंजेक्शनच्या गाडीत तो चालतो का हो?

पाना_दहाचा
आजोबा, अगदी बरोबर पकडलंत. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलच्या झडपेला टेकणारा एक स्क्रू असतो, पण तो रेस वाढवायला नाही, झडप बॉडीला घासून अडकू नये म्हणून कारखान्यात एकदा लावून त्यावर रंगाचा ठिपका देतात. तो फिरवला की झडप कायमची थोडी उघडी राहते आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं शून्यही सरकतं. पद्मिनीत तो फिटरचा हक्काचा स्क्रू, इथे हात न लावायचा.

@कर्वेनगरकर, उन्हाळ्यात एसीला गाडी बंद पडायची कारण बहुतेक आयडल व्हॉल्व्हची वाट कार्बनने बुजली होती, पाहिजे तेव्हा जास्त हवा देता येत नव्हती. ती साफ करायच्या ऐवजी स्क्रू फिरवून दार किलकिलं करून ठेवलं. आणि टेम्परेचरचा काटा एवढा खाली म्हणजे खंबाटकीच्या वेळी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला आहे यावर मी पैज लावायला तयार आहे.

धायरी_लोकल
"आता कधीच तापणार नाही" 😄 खरंच बोलला होता तो. तापणारच नाही, गरमच होत नाही तर.

सीएनजी_हडपसर
एवढं करण्यापेक्षा सीएनजी किट टाका, खर्च निघून येईल.

इंधनचिंता
आधी आयडल तरी लागू द्या मग सीएनजी. माझ्या भावाच्या जुन्या गाडीला साधं किट होतं, सिक्वेन्शियल नव्हे, मिक्सरवालं. त्यात मॅनिफोल्डभर गॅस आणि हवा भरलेली असते, इग्निशन जरा चुकलं की बॅकफायर होऊन एअर फिल्टरचा डबाच फुटला. पेट्रोलवर नीट न चालणारी गाडी सीएनजीवर नीट होत नाही, उलट जास्त कुरकुरते.

निशिगंधा_एरंडवणे
थोडं अवांतर, पण २००३ची गाडी म्हणजे १५ वर्षांनंतरचं रिन्यूअल झालंय का? आमच्या झेनचं करायचंय.

कर्वेनगरकर
हो ताई, २०१८ आणि २०२३ दोन्ही वेळा झालं. पाच पाच वर्षांचं मिळतं. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. पीयूसी आणि इन्शुरन्स आधी करून ठेवा, लाइट, हॉर्न, वायपर सगळं चालू पाहिजे.

आता मुख्य बातमी. आज रविवार, सकाळी बाबा आत बसले आणि मी बॉनेट उघडून एकेक होज दाबली. ब्रेक बूस्टर काही नाही. कॅनिस्टर काही नाही. पीसीव्हीची दाबली आणि हंटिंग थांबलं! बाबा आतून ओरडले "अरे थांबलं!" शेजारचे गॅलरीत आले. होज काढून पाहिली, वरून नवीन वाटते पण खालच्या बाजूला, वळणावर, बोटभर लांब चीर. रबर लाकडासारखं कडक झालंय. पंप, प्लग, वायरी सगळं बदललं पण ही होज कोणी उलटी करून पाहिली नव्हती.

विद्युतलता
ही पोस्ट वाचून मी घरात मोठ्याने सांगितलं सगळ्यांना. छान!

पाना_दहाचा
मस्त. आता घाई करू नका. नाना पेठेत होज घ्याल तेव्हा जुनी सोबत घेऊन जा आणि तेल व पेट्रोलची वाफ सोसणारीच मागा. पाण्याची साधी रबरी नळी बसवून देतील तर घेऊ नका, सहा महिन्यांत फुगून मऊ पडते. तिथेच थर्मोस्टॅट आणि त्याचं पॅकिंगही आणा. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, खुळखुळ आवाज यायला हवा.

कात्रजघाट
थर्मोस्टॅटवर माझं वेगळं मत आहे. पुण्याच्या उन्हात तो लागतच नाही, माझ्या दोन्ही गाड्यांचे काढलेत, दहा वर्षं झाली, कधी तापल्या नाहीत.

पाना_दहाचा
@कात्रजघाट, तापत नाहीत हे खरं, पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर गरम करून तिथेच ठेवणं हे आहे. साधारण ८२ अंशाच्या आसपास उघडणारा असतो. तो नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, बायपासला वाऱ्याने अजून थंड होतं. कूलंट सेन्सर ईसीएमला सांगतो इंजिन अजून गार आहे. ईसीएम पेट्रोल जास्त टाकतो आणि आयडल वर ठेवतो, सकाळच्यासारखं. यांचा पीयूसीचा सीओ ०.४६ आठवा, मर्यादा ०.५ टक्के आहे. तुमच्या गाड्यांचा किती येतो एकदा बघा. आणि गाडी तापत होती तर त्याचं कारण रेडिएटर, फॅन, कॅप, वॉटर पंप यात होतं, थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवीन टाकायचा, काढायचा नाही.

कात्रजघाट
कार्बोरेटरवाल्या गाडीला चालून जायचं म्हणून तीच सवय लागली. पीयूसी बघतो.

आजोबा_सदाशिव
आम्हीही काढायचो. तेव्हा गाडीला विचारणारा ईसीएम नव्हता, त्यामुळे फक्त पेट्रोल जास्त जायचं आणि कोणाला कळायचं नाही.

कर्वेनगरकर
अपडेट. बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून सगळं आणलं. थर्मोस्टॅटचं हाऊसिंग उघडलं तर आत खरंच काही नाही, रिकामं! पाना दहाचा, पैज जिंकलात. नवीन बसवला, कूलंट भरलं, सांगितल्याप्रमाणे रेडिएटरची कॅप उघडी ठेवून थंडपासून चालू करून बुडबुडे निघून जाऊ दिले. होज नवीन.

हंटिंग पूर्ण बंद. टेम्परेचर मधोमध. पण आयडल ११००च्या खाली येत नाही.

पाना_दहाचा
अपेक्षितच. आता तो स्क्रू. रंगाचा ठिपका दिसतोय का?

कर्वेनगरकर
दिसतोय, पिवळा, आणि अर्धा स्क्रूवर, अर्धा बॉडीवर असा फाटलेला. म्हणजे फिरवलाय. जुळवून परत आणला, एक वळसा आणि वर थोडा. आता आयडल ६५०, आणि एसी लावला की बंद पडते. उन्हाळ्यातला जुना आजार परत आला. खरं सांगू, हे बघून मला आनंदच झाला, कारण आता कळलं की कशावर काय बसलं होतं.

विद्युतलता
आता शेवटचा थर. आयडल व्हॉल्व्ह काढून तो आणि त्याची वाट साफ करायची. गॅरेजवाले थ्रॉटल बॉडी साफ केली म्हणतात तेव्हा बऱ्याचदा फक्त झडप पुसलेली असते, बाजूची वाट तशीच राहते. थ्रॉटल क्लीनर वापरा, मऊ ब्रश, तारेचा नको. व्हॉल्व्हचा टोकदार भाग बोटाने दाबू किंवा ओढू नका. कनेक्टरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका. ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी टाका, नाहीतर तिथूनच पुन्हा हवा. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोड्या वेळाने लावा, मग एसी, लाइट सगळं बंद ठेवून फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत आयडलला राहू द्या. म्हणजे ईसीएम जुनी सवय सोडेल.

मुळशीचा_पाऊस
व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं) लावून पण खात्री करता येते ना? पुस्तकात १८ ते २० इंच (पाऱ्याचे) असावं असं आहे, माझ्या सँट्रोला १७च येतं, लीक आहे का?

पाना_दहाचा
नाही. ते आकडे समुद्रसपाटीचे. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचं, पुणे १८०० फुटांच्या वर आहे, म्हणजे दोन इंच गेले. सुई स्थिर असेल तर १७ उत्तम आहे, तुमच्या सँट्रोला काही करू नका.

कर्वेनगरकर
मंडळी, झालं! शनिवारी व्हॉल्व्ह काढला, वाटेत एवढा कार्बन होता की आरपार उजेड दिसत नव्हता. तास गेला साफ करायला. ओ-रिंग नवी, ३० रुपये. आता गरम इंजिनाला आयडल ८५०, एसी लावला की क्षणभर ८००, मग ९५०ला जाऊन स्थिर. हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून पाहिलं.

संध्याकाळी बाबांना घेऊन मुद्दाम नळस्टॉपला गेलो. सिग्नल नेमका लाल लागला, दीड मिनिटाचा. बाबा काट्याकडे बघत होते, मी बाबांकडे. काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर हात ठेवला. पीयूसी पुन्हा केलं, सीओ ०.०९.

एकूण खर्च होज, थर्मोस्टॅट, पॅकिंग, कूलंट, क्लीनर, ओ-रिंग धरून २,१००च्या आत. १८ हजारांचा ईसीएम घेतला असता तर तोही याच चिरलेल्या होजवर असाच धापा टाकत बसला असता. पाना दहाचा, विद्युतलता, आजोबा, तुमचे मनापासून आभार. बाबांनी तिघांना घरी चहाला बोलावलंय आणि ते खरंच वाट बघतायत.

आजोबा_सदाशिव
येणार. मला तो पिवळा ठिपका बघायचाय.

इंधनचिंता
अभिनंदन. आणि विद्युतलता, तुमचं रबराचं बरोबर निघालं. उद्या माझ्या वॅगन आरच्या होज उलट्या करून बघतो.

निशिगंधा_एरंडवणे
हे सगळं वाचून धीर आला म्हणून विचारते. आमच्या २००२च्या झेनची रेस सिग्नलला १४००ला अडकून बसते, वरखाली होत नाही, तिथेच राहते. मेकॅनिकने फ्युएल पंप सांगितलाय.

पाना_दहाचा
ताई, पंप थांबवा. गरम झाल्यावर टेम्परेचरचा काटा कुठे असतो?